गाडीतला बंब : काचा धुण्याच्या व्यवसायातील ऊन पाण्याचा हिशेब

बंगळूरच्या शिवाजीनगर बसस्थानकाकडून कमर्शियल स्ट्रीटच्या दिशेने सकाळी चालत गेले, की दुकानांची लोखंडी दारे एकामागून एक वर जाताना दिसतात. त्यापाठोपाठ बादली, फडके आणि वायपर घेतलेला एखादा नोकर दर्शनी काचेपुढे येऊन उभा राहतो. बसगाड्यांच्या धुराची काजळी, रात्रभर बसलेली धूळ आणि शेजारच्या उपाहारगृहातील तळणीचा तेलकट थर असा तिहेरी मळ त्या काचेवर असतो. पुसून झाल्यावर काच घटकाभर लखलखते, आणि ऊन वर आले की तिच्यावर पांढुरके ठिपके उमटतात. दोष नोकराच्या हाताचा नसतो, बादलीतील पाण्याचा असतो.

पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागाला पुढे छत्रपतींचे नाव मिळाले. १६३८ च्या सुमारास बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि बालशिवाजींचे काही वास्तव्य येथे घडले, याचे स्मरण त्या नावात आहे. गेल्या तीन दशकांत मात्र शहराचा चेहरामोहरा काचेचा झाला. उंच इमारतींच्या काचा दोरावर लोंबकळणारे कामगार धुतात. दोन ते पाच मजल्यांची दुकाने, दवाखाने, शाळा आणि कार्यालये यांच्याकडे मात्र शिडी व बादली यांपलीकडची व्यवस्था क्वचितच पोहोचते. ही उणीव हेरून एखाद्या तरुणाने व्हॅन, पाण्याची टाकी, पंप, लांब दांडा आणि ऊन पाण्याची यंत्रणा अशा पाच गोष्टींचा कर्जप्रस्ताव बँकेकडे आणला, तर पहिल्या चार गोष्टींची गरज सहज पटते. पाचव्या गोष्टीपाशी थोडे थांबून हिशेब करणे त्याच्याही हिताचे आहे आणि बँकेच्याही.

ही पद्धत ब्रिटनमध्ये विशेष रुजली. तेथे उंचीवरील कामाचे सुरक्षा नियम २००५ मध्ये अमलात आल्यानंतर शिडीवर चढण्याऐवजी जमिनीवर उभे राहून काच धुण्याकडे व्यावसायिकांचा कल अधिक वाढला. गाडीतील टाकीतून बारीक नळीने पाणी निघते, कार्बन तंतूंच्या हलक्या दांड्यातून वर चढते आणि टोकाच्या ब्रशमधून काचेवर पडते. चार-पाच मजल्यांपर्यंत हा दांडा नेता येतो. फडके वापरावेच लागत नाही. धुतलेली काच तशीच वाळू दिली जाते. याचे सारे रहस्य पाण्याच्या शुद्धतेत आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार त्यात विरघळलेले क्षार, म्हणजे घरोघरी ठाऊक झालेला ‘टीडीएस’, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले जाते; दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. ५०० टीडीएसचे एक लिटर पाणी आटवले तर तळाशी अर्धा ग्रॅम पांढरी भुकटी उरते. काचेवरील ठिपके म्हणजे हीच भुकटी होय. बंगळुरात कावेरीचे पाणी १९७४ पासून येते. सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून पंपांनी चढवून आणलेले हे पाणी त्या मानाने सौम्य असते. परंतु असंख्य इमारती कूपनलिकेवर आणि टँकरवर अवलंबून आहेत, आणि ते पाणी बहुधा जड असते. म्हणून व्यावसायिक आधी आरओ यंत्रातून व नंतर क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून पाणी काढतो आणि टीडीएस शून्याच्या आसपास आणतो. असे पाणी वाळल्यावर मागे ठेवण्यासारखे त्यात काही उरतच नाही.

मग ऊन पाण्याचे काय? ब्रिटनच्या हिवाळ्यात नळी थंडीने ताठरते, गाडीतील पाणी गोठते, कामगाराची बोटे बधिर होतात. तेथे ऊन पाणी ही चैन नाही. बंगळुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, आणि या शहराचा आजवरचा नीचांक जानेवारी १८८४ मधील ७.८ अंशांचा आहे. तेव्हा गोठण्याचे कारण येथे निकालात निघते. उरते ते मळाचे कारण. धूळ आणि चिखल थंड पाण्यानेही निघतात. तेलकट काजळी, पक्ष्यांची वाळलेली विष्ठा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवरील चिकट थर ऊन पाण्याने फार लवकर सुटतात. घरातील तेलकट तवा थंड पाण्याखाली धरून पाहिलेल्या कोणासही हे सांगावयास नको.

पाणी तापविण्याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. ४०० लिटरची टाकी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यावयाची तर १२,००० किलोकॅलरी लागतील. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. अर्थात सुमारे १४ युनिटे झाली. १२ व्होल्ट व १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट मावते. ‘गाडीच्या बॅटरीवर पाणी तापेल’ असे कोणी विक्रेता सांगू लागला, तर अशा अकरा-बारा बॅटऱ्या पूर्ण रित्या कराव्या लागतील एवढे त्याच्या निदर्शनास आणून द्यावे.

मग उष्णता आणावयाची कोठून? जुन्या मराठी घरांतील तांब्याचा बंब येथे आठवतो. मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी, खाली निखारे आणि वर धुराचे तोंड. गाडीतील डिझेल तापकाचे तत्त्व हेच आहे, केवळ व्यवस्था अधिक काटेकोर. मालमोटारींच्या केबिन उबदार ठेवण्यासाठी जर्मनीतील वेबास्टो आणि एबरस्पेशर या कंपन्यांनी छोटे डिझेल तापक घडविले, आणि काचा धुणाऱ्यांनी ते आपल्या कामी लावले. गाडीच्या टाकीतून थेंबाथेंबाने डिझेल येते, बंद ज्योतकक्षात जळते आणि एका बंद फेऱ्यातील द्रव तापवते. तो द्रव पोलादी पत्र्यांच्या उष्णता-विनिमयकातून फिरतो. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूने शुद्ध पाणी वाहत जाते आणि जाता जाता तापते. दोहोंची भेसळ होत नाही. अशा तापकाची क्षमता बहुधा ५ किलोवॅट असते, म्हणजे तासाला ४,३०० किलोकॅलरी. एका ब्रशला मिनिटाला दोन लिटर, तासाला १२० लिटर पाणी लागते असे धरले, तर तापमान सुमारे ३५ अंशांनी वाढेल. गळतीची सूट देऊन ३० म्हणावे. त्याच तापकावर दोन माणसांनी दोन ब्रश चालविले, की वाढ निम्मी होते. विक्रेत्याच्या पत्रकात हा हिशेब सहसा सापडत नाही.

दुसरा मार्ग टाकीत विजेची कांडी बसवून गाडी रात्रभर घराच्या प्लगला जोडण्याचा. ३ किलोवॅटची कांडी ४०० लिटर पाणी वरील तापमानास आणण्यास पावणेपाच तास घेईल. ब्रिटनमध्ये रात्रीची वीज स्वस्त देणाऱ्या योजनांमुळे हा मार्ग लोकप्रिय झाला. त्यासाठी टाकीला जाड उष्णतारोधक आवरण हवे, वीजगळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण हवे आणि पाणी कमी होताच कांडी बंद पडण्याची सोय हवी. तिसरा मार्ग गॅसच्या तापकाचा. तो स्वस्त पडतो, परंतु बंद गाडीत तो पेटविणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला निमंत्रण देणे होय. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याचा सुगावा लागत नाही. शिवाय घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर धंद्यासाठी वापरणे कायद्याने वर्ज्य आहे.

आता खर्च. डिझेलच्या एका लिटरातून साधारण ८,५०० किलोकॅलरी मिळतात. तापकाची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास ६,८०० हाती येतात. म्हणजे पूर्ण टाकीस पावणेदोन लिटरांहून किंचित अधिक डिझेल. लिटरचा भाव ९० रुपये धरला, तर रोजचे सुमारे १६० रुपये. यंत्रणेपोटी कर्जात एक लाखाची भर पडली असे समजू. ११ टक्के व्याजाने पाच वर्षांत ते फेडावयाचे तर दरमहा २,१७४ रुपयांचा हप्ता येतो. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरता रोजचे ८७ रुपये. दोन्ही मिळून ऊन पाण्याचा भार दिवसाला सुमारे २५० रुपये होतो. दिवसाकाठी दहा ठिकाणी काम मिळाले तर प्रत्येकी २५ रुपये. चारच मिळाली तर ६२ रुपये. हे आकडे गृहीतांवर आधारलेले आहेत, ज्याने त्याने आपल्या भावांनुसार ते पुन्हा मांडावेत. परंतु व्यवसायाच्या पहिल्या वर्षी कामे दहा नसून चारच असतात, याचा विसर प्रस्ताव लिहिताना हमखास पडतो.

सरसकट सर्व पाणी तापविण्याची गरज मुळात नाही. तेलकट काचांपुरते ८० लिटर पाणी तापविले, तर डिझेल पाऊण पावशेर-पावशेर नव्हे, तर जेमतेम तिसरा हिस्सा लिटर लागते, म्हणजे ३०-३२ रुपयांचे. पहिली धुणी ऊन पाण्याची आणि शेवटची धार थंड शुद्ध पाण्याची, ही विभागणी बंगळूरच्या हवेत पुरेशी ठरते. येथे पैसा आधी शुद्धतेवर खर्चावा, उरला तर उष्णतेवर.

कोणता मार्ग घ्यावयाचा हे पुष्कळदा गाडी रात्री कोठे उभी राहते यावर ठरते. शिवाजीनगरच्या अरुंद गल्ल्यांत रात्रभर प्लगपाशी गाडी लावण्याची जागा मिळणे दुर्मीळ. तेथे विजेची कांडी कागदावरच राहील. ज्यांच्या गच्चीवर सौर बंब आहे, त्यांना मात्र एक सोपी वाट मोकळी आहे. सौर बंबांच्या वापरात बंगळूर देशात अग्रेसर आहे. दुपारी तापलेले पाणी सकाळी रोधक आवरणाच्या छोट्या टाकीत भरून घेतले, तर पहिल्या धुणीचे काम इंधनाविना होते. ढगाळ दिवसांत अर्थातच त्यावर विसंबता येत नाही.

काही तांत्रिक पथ्ये आहेत. पाणी आधी शुद्ध करावे आणि नंतर तापवावे, कारण आरओचे पटल व रेझिन दोन्ही उष्णतेने खराब होतात. क्षारमुक्त पाणी धातूला अधिक खाते, त्यामुळे तांब्या-पितळेऐवजी स्टेनलेस स्टील किंवा उष्णता सोसणारे प्लास्टिक वापरावे. बंबाची आठवण कितीही प्रिय असली तरी तांबे येथे चालत नाही. १०० मीटर लांबीच्या, आतून ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाच लिटर पाणी राहते. ऊन पाणी ब्रशपर्यंत येण्यास अडीच मिनिटे लागतात आणि वाटेत ते निवतेही. म्हणून टाकीत पाणी ६५-७० अंशांवर ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा. ६० अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजते, आणि नळीचा जोड सुटला की ते पाणी थेट हातावर येते. काचेलाही सीमा आहे : साधी काच तापमानात सुमारे ४० अंशांचा फरक पडला की तडकू शकते, कडक केलेली काच मात्र पुष्कळ अधिक सोसते. जुन्या इमारतींची तावदाने साध्याच काचेची असतात. दुसऱ्या टोकाला, २० ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लिजिओनेला हे फुप्फुसांस बाधणारे जिवाणू वाढतात व फवाऱ्यातून श्वासात जातात. यास्तव कोमट पाणी टाकीत दिवसेंदिवस साठवू नये.

पाण्याचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना एक ते तीन लिटर क्षारयुक्त पाणी बाहेर टाकते. मार्च २०२४ च्या टंचाईत बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने गाड्या धुणे, बागकाम, बांधकाम अशा कामांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तसाच आदेश निघाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, तरीही हा प्रसंग पुढे आला. अशा आदेशाच्या दिवशी धंदा बंद पडू नये, याकरिता पाण्याचा दुसरा स्रोत प्रस्तावातच दाखविलेला बरा. पावसाचे साठविलेले पाणी येथे फार उपयोगी आहे. त्यात क्षार अत्यल्प असल्याने रेझिनही अधिक दिवस टिकते. टाकून दिले जाणारे पाणी ग्राहकाच्याच जिन्याला वा फरशीला वापरता येते.

शेवटी गाडी. ४०० लिटर म्हणजे ४०० किलो, त्यावर टाकी, पंप, तापक आणि दोन माणसे. २००५ मध्ये आलेली ‘टाटा एस’, म्हणजे लोकांचा ‘छोटा हत्ती’, पाऊण टनाच्या आसपास वजन वाहते. त्याहून लहान गाडीत भार मर्यादेबाहेर जाण्याचा संभव असतो. करकचून ब्रेक लागला तर अर्धी भरलेली टाकी आपल्या वजनाच्या तीन-चतुर्थांशाइतक्या जोराने पुढे झेपावते, म्हणून तिच्यात आडव्या पडद्या असाव्यात आणि ती गाडीच्या सांगाड्यालाच जखडलेली असावी. शिवाजीनगरच्या गुजरी बाजारात जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. टाकीचे पट्टे, बिजागऱ्या तेथून आणण्यास हरकत नाही, ज्योतकक्षाची खात्री नसलेला जुना तापक मात्र आणू नये. गाडीत केलेला बदल नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरत असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. विमा कंपनीलाही तो कळवावा लागतो, अन्यथा अपघातानंतर दावा अडू शकतो. हे दोन कागद आणि यंत्रणेचे दरपत्रक सोबत असले, की एप्रिल २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेखाली अशा व्यवसायाचा विचार शाखेत करता येतो. त्यात ५० हजारांपर्यंत ‘शिशु’, ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ असे गट आहेत. शुद्ध पाण्याच्या यंत्रणेसह साधी गाडी बहुधा मधल्या गटात बसविता येते. तापक दुसऱ्या वर्षी, कामे दहावर गेल्यावर, त्याच गाडीत बसविण्याची जागा मात्र पहिल्या दिवशीच राखून ठेवावी.