कुत्र्याची कावीळ आणि टॉनिकची बाटली
सोबती प्राण्यांचे आरोग्य : लेखांक ७

१९७४ साली मक्याच्या काढणीच्या सुमारास अवेळी पाऊस झाला आणि राजस्थानातल्या बांसवाडा व गुजरातमधल्या पंचमहाल भागातील आदिवासी गावांत कणसे भिजली. ती तशीच घरात साठवली गेली आणि त्यांवर बुरशी चढली. काही आठवड्यांत माणसांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी साचू लागले. ३९७ जणांना बाधा झाली, १०६ दगावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी कारण शोधले. ते होते बुरशीतून तयार होणारे अफलाटॉक्सिन हे विष. त्या नोंदींतली एक बाब मला फार मोलाची वाटते. त्याच घरांत तेच अन्न खाणारी कुत्रीही पिवळी पडली, त्यांचीही पोटे फुगली आणि तीही मेली.

आपल्या जिल्ह्यात सिल्लोड, कन्नडचा पट्टा मक्याचाच. काढणीला पावसाने गाठले की काळपट, कुबट मका बाजारात चालत नाही. मग तो कोंबड्यांपुढे टाकला जातो, नाहीतर राखणीच्या कुत्र्याच्या भाकरीत जातो. भाकरी भाजल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही. खवट शेंगदाण्यांचेही तसेच. विकतचे खाद्य घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. २०२० च्या अखेरीपासून अमेरिकेत अशाच दूषित खाद्याने शंभरावर प्राणी मेल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आणि कंपनीला माल परत मागवावा लागला.

यकृताजवळ राखीव ताकद भरपूर असते, म्हणून लक्षणे उशिरा दिसतात. कुत्रा जेवण टाळतो, उलट्या करतो, पाणी जास्त पितो, मलूल पडून राहतो. मग डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसू लागते, लघवी गडद होते. हे सगळे दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटखाली सुरुवातीचा पिवळेपणा निसटतो.

इथेच आपल्याकडे घात होतो. औषधाच्या दुकानातून लिव्हर टॉनिक आणले जाते, कुणी काविळीचा झाडपाला सुचवतो, आणि आठवडा निघून जातो. टॉनिक वाईट असते असे नाही. पण कारण कळण्याआधी ते दिले की घरच्यांना इलाज सुरू झाल्याचे समाधान मिळते आणि तपासणी मागे पडते. कावीळ म्हणजे रक्तात बिलिरुबिन वाढले, एवढेच. मराठवाड्यात गोचिडांचा उपद्रव मोठा. गोचिडांतून येणारा बबेसिया रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि यकृत बरे असतानाही कुत्रा पिवळा पडतो. अशा वेळी हिरड्या पांढुरक्या-पिवळ्या दिसतात. उपचार त्या परजीवीवर हवा; टॉनिकने काय होणार? उंदीर-घुशींच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मात्र यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही धरतो आणि तो माणसालाही होतो. त्यामुळे पावसाळ्यात पिवळ्या पडलेल्या कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. पित्ताची वाट अडली तरीही कावीळ होते. घरातली विषेही विसरू नका. तापासाठी माणसांची पॅरासिटामॉल कुत्र्याला कधीही स्वतःच्या मनाने देऊ नये. शुगर-फ्री च्युइंगममधले झायलिटॉल आणि बंगल्यांच्या बागेत हौसेने लावलेल्या सायकसच्या बिया यकृत निकामी करू शकतात.

तपासणीत आधी रक्ताची पूर्ण मोजणी आणि गोचीड-तापासाठी काचपट्टी, मग एएलटी, एएलपी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन. एएलटी वाढले म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली आहे. यकृत काम किती करते, हे त्यावरून कळत नाही. तो अंदाज अल्ब्युमिन, रक्तातली साखर, रक्त गोठण्याचा वेळ आणि पित्ताम्लांच्या चाचणीवरून येतो. या चाचणीत साधारण बारा तास उपाशी ठेवून एकदा आणि खायला दिल्यानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. एएलपी तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही कुत्र्यात चढते, म्हणून आधीची सगळी औषधे डॉक्टरांना सांगा. नमुना माणसांच्या लॅबमध्ये गेला असेल, तर अहवालावर छापलेल्या मर्यादा माणसांच्या असतात. ठळक आकडा पाहून घाबरू नका आणि आकडा मर्यादेत आहे म्हणून निश्चिंतही होऊ नका. तो पशुवैद्यालाच वाचू द्या. पुढची पायरी सोनोग्राफीची. यकृताचा तुकडा काढून तपासायची वेळ आली, तर रक्त गोठते आहे ना, हे आधी पाहावेच लागते.

शहरात खडकेश्वरचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, खासगी डॉक्टरही आहेत. गुंतागुंत वाढली, तर जालन्यामार्गे परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हे मराठवाड्यातले जवळचे ठिकाण. त्यापुढे मुंबई : परळचे महाविद्यालय, आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे रुग्णालय. निघण्यापूर्वी फोन करून सोनोग्राफी कोणत्या दिवशी होते ते विचारा. जुने अहवाल तारखेनुसार लावलेली फाइल, लसीकरणाचे कार्ड आणि खाद्याच्या पिशवीतला थोडा नमुना बरोबर घ्या. या फाइलमुळे तीच तपासणी पुन्हा करण्याचा खर्च वाचतो, आणि हा आजार खर्चिक असतो.

आहाराबद्दल एक समज पक्का रुजला आहे : यकृत बिघडले की प्रथिने बंद, फक्त भात. आजारी कुत्रा अशाने आणखी खंगतो. यकृताच्या बिघाडाने मेंदूवर परिणाम झाला असेल, म्हणजे कुत्रा भिंतीला डोके टेकवून उभा राहत असेल, गोल फिरत असेल, तरच डॉक्टर प्रथिने बेताची करतात. तेव्हाही अंडे किंवा पनीर चालते का, हे विचारा. अशा कुत्र्याला माणसांच्या बद्धकोष्ठाचे लॅक्टुलोज दिले जाते, कारण ते आतड्यातून रक्तात जाणारा अमोनिया कमी करते. त्याने शौच पातळ होते. घाबरून परस्पर बंद करू नका, मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पोटात पाणी असेल तर मीठ नको. पापड, फरसाण, बिस्किटेही नकोत. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा भरवा आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवा.

काही कुत्री सावरतात. यकृताला पुन्हा वाढण्याची क्षमता असते आणि कारण लवकर हटले तर तिचा उपयोग होतो. यकृत आक्रसून कडक झालेले असेल, तर प्रश्न बदलतो. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा : याला दुखते आहे का, मळमळ थांबवता येईल का, पुढचा महिना कसा असेल? हे विचारताना संकोच वाटू देऊ नका. घरातल्या मुलांनाही खरे ते सांगा. कुत्र्याच्या उशाशी सर्वांत जास्त वेळ तीच बसलेली असतात.

पुढच्या आठवड्यात : गोचीड-ताप.