कोरफड, हळद, चुना आणि गाईची कास

गाईच्या कासेत चार स्वतंत्र कप्पे असतात आणि प्रत्येकाचे दूध आपापल्या सडातून येते. एका कप्प्यातले दूध दुसऱ्यात जात नाही, म्हणून संसर्गाची सुरुवातही बहुधा एखाद्याच सडापासून होते. सडाच्या टोकाच्या छिद्रातून जिवाणू आत शिरतात, दुधात वाढतात आणि दूध तयार करणाऱ्या ऊतीला सूज आणतात. हा कासदाह; गोठ्यात त्याला दगडी म्हणतात. कास लाल, गरम आणि कडक होते, धार काढू लागताच गाय लाथ झाडते, दुधात गुठळ्या येतात, कधी रक्तही.

हे झाले दिसणारे दुखणे. त्याहून कितीतरी अधिक गाईंना सुप्त कासदाह असतो. त्यात कासही बरी दिसते आणि दूधही, फक्त दूध थोडे घटते आणि दोष चाऱ्यावर किंवा हवेवर जातो. निरोगी कासेच्या एक मिलिलिटर दुधात साधारण १ लाखापेक्षा कमी पेशी असतात. हा आकडा २ लाखांच्या वर गेला की आत संसर्ग असल्याचे धरले जाते, कारण जिवाणूंशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत धाव घेतात.

कासदाहावरचा रूढ उपाय म्हणजे सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडणे. तो अनेकदा गुणकारी ठरतो, पण औषधाचा अंश दुधात उतरतो. म्हणून ठरलेले दिवस ते दूध विकता येत नाही, आणि घाईने विकले तर त्याचे दहीसुद्धा धड लागत नाही. विरजणातले उपयोगी जिवाणूही त्या औषधाने मरतात. याहून मोठी चिंता औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची आहे. दर वेळी, पुरेशी तपासणी न करता, अर्धवट मात्रेत ट्यूब वापरली की असेच जिवाणू मागे उरतात. वनस्पतींच्या अर्कांकडे पशुवैद्यक गांभीर्याने पाहू लागले ते यामुळे.

भारतात या बाबतीत सर्वाधिक पसरलेला उपाय तमिळनाडूतून आला. तमिळनाडू पशुवैद्यकीय व पशुविज्ञान विद्यापीठात प्रा. एन. पुन्नियमूर्ती यांनी पारंपरिक पशुउपचार तपासून त्यांना ठरावीक मात्रा दिल्या. पुढे आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ते दूध संघांमार्फत गावोगाव पोहोचवले. कासदाहासाठी २५० ग्रॅम कोरफडीची पाने, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटतात. त्याचा लालसर लगदा होतो. त्यातला मूठभर लगदा १५० ते २०० मिलिलिटर पाण्यात कालवायचा, कास धुऊन दूध पूर्ण काढून टाकायचे आणि मग सगळ्या कासेला लेप द्यायचा. असे दिवसातून आठ-दहा वेळा, निदान पाच दिवस. जोडीला गाईला लिंबे खाऊ घालतात. दुधात रक्त असेल तर कढीपत्ता आणि गूळही.

हा लगदा लाल होतो त्यामागे साधे रसायनशास्त्र आहे. कुंकू करताना हळद लाल होते तीही याच कारणाने. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात त्याचा रंग बदलतो आणि ते अधिक विरघळते. मात्र अशा द्रावणात ते फार काळ टिकतही नाही. म्हणून लेप रोज ताजा करणे हा नुसता सोवळेपणा नव्हे, औषधाच्या गुणाचाच तो भाग आहे. कर्क्युमिन सूज कमी करते आणि काही जिवाणूंची वाढ रोखते. कोरफडीचा गर ओलावा धरून ठेवतो, गरम कातडीला थंडावा देतो आणि लेप चिकटवून ठेवतो. चुन्याचे माप मात्र वाढवू नये. जास्त चुन्याने सडाची नाजूक कातडी भाजते.

प्रयोगशाळेत याखेरीज अनेक वनस्पती तपासल्या गेल्या आहेत. ओव्यातला थायमॉल, तुळशीतला युजेनॉल, दालचिनीतला सिनॅमल्डिहाइड ही तेलात मिसळणारी द्रव्ये जिवाणूंच्या पातळ आवरणात घुसून ते फाडतात. लसणातले ॲलिसिन जिवाणूंची विकरे निकामी करते. काचेच्या बशीत हे सगळे ठसठशीत दिसते. कासेत चित्र बदलते. दुधातले स्निग्धांश आणि प्रथिने या द्रव्यांना धरून ठेवतात, त्यामुळे बशीत पुरलेली मात्रा दुधात अपुरी पडते. स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखा जिवाणू तर पेशींच्या आत आणि चिकट थराखाली दडून बसतो. शिवाय पान कोणत्या हंगामातले, वाळवले कसे, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर त्याची ताकद दर वेळी बदलते.

बाहेरचा लेप सूज आणि वेदना कमी करतो. तो आतल्या प्रत्येक जिवाणूपर्यंत पोहोचतो असे मानणे गाईच्या जिवावर बेतू शकते. घरी काढलेला अर्क सडाच्या छिद्रातून आत कधीही सोडू नये, कारण तो निर्जंतुक नसतो. व्याल्यानंतर लगेच गाईला ताप आला, दूध पाण्यासारखे झाले, तिने खाणे सोडले किंवा ती उठेना, तर इ. कोलायसारख्या जिवाणूंचे विष रक्तात उतरत असण्याची शक्यता असते. तिथे लेपात घालवलेला एक दिवसही फार होतो. पशुवैद्यालाच तातडीने बोलवावे लागते.

वनस्पतींचा खरा उपयोग सुरुवातीच्या, सौम्य दुखण्यात होतो आणि त्यासाठी दुखणे वेळेवर कळले पाहिजे. कॅलिफोर्निया मस्टायटिस चाचणी गोठ्यातच करता येते. चार खळग्यांच्या थाळीत चारही सडांचे दूध वेगवेगळे घेऊन त्यात तितकेच द्रावण मिसळून थाळी फिरवली, की पेशी फुटून दूध चिकट होते. जितके दाट, तितका संसर्ग जास्त. धार काढल्यावर सडाचे छिद्र सुमारे अर्धा तास उघडे राहते, म्हणून त्या वेळी सड आयोडिनच्या द्रावणात बुडवतात आणि गाय लगेच बसू नये यासाठी तिच्यापुढे वैरण टाकतात. लेपाने सूज ओसरली तरी दोन-तीन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात. एखाद्या सडाचे दूध तेव्हाही घट्ट होत असेल, तर त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून आतला जिवाणू आणि त्याला लागू पडणारे औषध शोधावे लागते.