अँटिबायोटिकला दाद न देणारा न्यूमोनिया

कोरडा खोकला, अंगात कणकण, उतरत चाललेलं वजन आणि एक्स-रेवर पांढरे डाग. न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स होतो, मग दुसरा ‘स्ट्राँग’ कोर्स; ताप तसाच. क्रिप्टोजेनिक ऑर्गनायझिंग न्यूमोनिया, थोडक्यात सीओपी, या दुर्मिळ आजाराची फाइल बहुधा अशीच जाड होत जाते.

‘ताप आहे, सीआरपी वाढलंय, म्हणजे जंतूच.’
सीआरपी ही रक्तचाचणी दाह आहे एवढंच सांगते, तो कशाने झाला ते नाही. सीओपीमध्ये फुप्फुसातले वायुकोश पूने भरत नाहीत. जखम भरताना येते तशी कोवळी तंतुमय ऊती त्यांत वाढत राहते. कारण सापडत नाही तेव्हाच त्याला क्रिप्टोजेनिक म्हणायचं. हेच चित्र अमिओडॅरोन किंवा नायट्रोफ्युरँटॉइनमुळे, स्तनाच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या रेडिएशननंतर, ऱ्हुमॅटॉइड संधिवातातही दिसतं. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पिशवी आणि जुने कागद सोबत हवेतच.

‘अँटिबायोटिक लागू पडत नाही, म्हणजे टीबी.’
आपल्याकडे ही शंका यायलाच हवी. पण ती थुंकीच्या तपासणीने, सीबीनॅटने पडताळायची. नुसत्या अंदाजावर एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करून महिने घालवायचे नाहीत. उलट बाजूही तितकीच गंभीर: टीबी असताना सीओपी समजून स्टेरॉइड दिलं, तर टीबी बळावतो.

‘सीटी केला की कळतंच.’
अंदाज येतो. डाग बरेचदा फुप्फुसाच्या कडेला असतात आणि जागा बदलतात. एक विरतो, दुसरीकडे नवा उगवतो. म्हणून जुने एक्स-रे रद्दीत टाकू नयेत. तरीही असे डाग इतर आजारांतही दिसतात. ब्रॉन्कोस्कोपीत फुप्फुस धुऊन घेतलेल्या द्रवात जंतू शोधतात, पेशी मोजतात. खात्री बायोप्सीने होते.

‘स्टेरॉइडने उतार पडला, म्हणजे निदान बरोबर आणि आजार संपला.’
दोन्ही चूक. लिम्फोमा हा कॅन्सरही स्टेरॉइडने काही काळ आकसतो. सीओपीत प्रेडनिसोलोनने काही दिवसांतच हुशारी येते, पण उपचार कित्येक महिने चालतात आणि डोस उतरवताना आजार अनेकदा उलटतो. मनाने गोळी बंद करणं धोक्याचं. खोकला परतला, तर नवा संसर्ग आहे की जुनाच आजार, हे छातीच्या डॉक्टरांना जुना सीटी दाखवून ठरवायचं.