बोटुकली जगली, पण तिच्या हृदयाचं काय?

पावसाळा लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या तलावांवर मत्स्यबीजाची लगबग सुरू होते. मच्छिमार संस्था कटला, रोहू, मृगळाचं बीज आणतात. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं झालं की बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हलकेच सोडायच्या. नेमके याच दिवसांत पावसाचे लोट रस्ते धुऊन काढतात. वणीकडच्या कोळसा वाहतुकीच्या रस्त्यांवर ठिबकलेलं डिझेल, गॅरेजपुढे सांडलेलं इंजिन ऑइल, ओढ्यात धुतलेल्या ट्रॅक्टरचं ग्रीस, सगळं नाल्यांतून निर्गुडा, वर्धा, पैनगंगेकडे निघतं. कोवळी मासळी आणि तेलकट पाणी यांची गाठ अशी पडते.

पाण्यावरचा इंद्रधनुषी तवंग सगळ्यांना दिसतो. खरा घात करतात ते पाण्यात विरघळणारे हायड्रोकार्बन, विशेषतः बेंझिनच्या कड्या एकमेकींना जोडून बनलेले रेणू. डांबरगोळीतलं नॅफ्थॅलीन दोन कड्यांचं, फेनॅन्थ्रीन तीन कड्यांचं. इंजिनात वापरून काळं पडलेल्या तेलात असे रेणू ताज्या तेलापेक्षा जास्त असतात.

त्यांचं विष मोजायची रूढ पद्धत साधी आहे. तेल आणि पाणी हळूहळू ढवळायचं, निवळू द्यायचं आणि तवंगाखालचं पाणी काढून घ्यायचं. त्याची कमी-जास्त तीव्रतेची द्रावणं वेगवेगळ्या टाक्यांत भरायची. एका टाकीत निव्वळ स्वच्छ पाणी. टाक्यांमध्ये सारख्या वयाची, सारख्या आकाराची पिल्लं सोडून 96 तास पाहायचं. आधी ती पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात, मग तोल जाऊन आडवी पोहतात. कल्ल्यांची हालचाल थांबली आणि शेपटीला स्पर्श करूनही प्रतिसाद नाही, की मासा मेलेला म्हणून नोंद. ज्या तीव्रतेला निम्मे मासे मरतात, ती त्या विषाची मोजपट्टी.

आपल्याकडचा कायदाही याच 96 तासांवर उभा आहे. पर्यावरण संरक्षण नियम, 1986 नुसार कारखान्याच्या सांडपाण्यात, त्यात इतर पाणी न मिसळता, 90 टक्के मासे 96 तास जगले पाहिजेत. नदी-तलावात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर नको. नियम चांगलाच आहे. पण तो मेलेले मासे मोजतो, आणि रस्त्यावरून वाहून आलेल्या पाण्याला तो विचारतही नाही.

मेला नाही म्हणजे मासा धड आहे का? 24 मार्च 1989 रोजी अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज फुटून तेल समुद्रात सांडलं, तेव्हापासून शास्त्रज्ञ हा प्रश्न विचारत आहेत. तिथे पिंक सॅमन माशाची अंडी पाण्यात अब्जात जेमतेम पाच भाग इतक्या हायड्रोकार्बनांमध्ये वाढवली गेली. दिसायला धडधाकट पिल्लं खुणा करून समुद्रात सोडली. प्रौढ होऊन परतणाऱ्यांचं प्रमाण स्वच्छ पाण्यातल्या पिल्लांपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी कमी भरलं.

कारण हृदयात सापडलं. हृदयाच्या पेशी कॅल्शियम आत घेऊन आणि पोटॅशियम बाहेर सोडून ठोक्याची लय राखतात. खनिज तेल नेमक्या याच ये-जा करण्यात अडथळा आणतं, असं ट्यूनाच्या पेशींवरच्या 2014 मधल्या संशोधनात दिसलं. पुढे फेनॅन्थ्रीन एकटंही तेच करतं हे कळलं. झेब्राफिश हा आपल्याच देशातल्या ओढ्यांमधला मासा. त्याचं अंडं पारदर्शक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली एका दिवसात त्यात हृदय धडधडताना दिसतं आणि तेलकट पाण्यात तेच मंद पडतं, भोवतीच्या पिशवीत पाणी साचतं, कणा वाकतो. हे अर्भक कदाचित 96 तास जगेलही.

त्यात विदर्भाचं ऊन. यातले काही रेणू पेशींत शिरल्यावर सूर्याच्या अतिनील किरणांनी कित्येक पट अधिक विषारी होतात, आणि उथळ पाण्यातलं पारदर्शक पिल्लू ते किरण थेट अंगावर घेतं.

म्हणून निव्वळ मेलेले मासे मोजणं पुरेसं नाही, असं माझं ठाम मत आहे. अंड्यांवरच्या चाचणीची आंतरराष्ट्रीय पद्धत 2013 पासून उपलब्ध आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी पावसाळ्यात आपल्या नाल्यांचं पाणी घेऊन ती करून पाहावी. आणि ट्रॅक्टर, ऑइल इंजिन चालवणाऱ्यांनी काढलेलं काळं तेल मातीत किंवा नाल्यात न ओतता डब्यात साठवून अधिकृत तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावं.