फुलांच्या पत्त्यांतून गेमबॉय

निन्टेन्डो म्हटलं की मारिओ आठवतो. पण ही कंपनी सुरू झाली 1889 मध्ये, क्योतोत, पत्ते बनवण्यासाठी. संस्थापक फुसाजिरो यामाउची. पत्त्यांचं नाव हानाफुदा, म्हणजे फुलांचे पत्ते.

या जोडात 48 पत्ते असतात. आकडे नाहीत, राजा-राणी नाहीत. बारा महिने, प्रत्येकाची एक वनस्पती आणि तिचे चार पत्ते. जानेवारीला पाइन, मार्चला चेरीचा बहर, ऑगस्टला गवताळ टेकडीवरचा पूर्णचंद्र. सगळ्यांत देखणा पत्ता नोव्हेंबरचा. पावसात छत्री घेतलेले दहाव्या शतकातले सुलेखनकार ओनो नो तोफू आणि समोर एक बेडूक. विलोच्या फांदीकडे पुन्हा पुन्हा झेपावणारा बेडूक पाहून तोफूंना आपली साधना न सोडण्याचं बळ मिळालं, अशी आख्यायिका आहे. तळहातापेक्षा लहान कागदावर एवढी गोष्ट मावते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

1949 मध्ये फुसाजिरोंचे पणतू हिरोशी यामाउची कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा ते जेमतेम बाविशीत होते. पत्त्यांची यंत्रं सांभाळणाऱ्या गुनपेई योकोई यांनी गंमत म्हणून लांब होणारा लाकडी चिमटा बनवला होता. मालकांनी तो पाहिला आणि 1966 मध्ये ‘अल्ट्रा हँड’ नावाने बाजारात आणला. दहा लाखांहून अधिक नग खपले. याच योकोईंच्या हातून पुढे 1989 मध्ये गेमबॉय आला.

हानाफुदाचे जोड कंपनी आजही विकते.