फेणीला बरे दिवस

मिरजेहून सुटलेली गाडी बेळगाव, खानापूर मागे टाकून लोंढ्याला येते. धारवाड-अळणावरकडची वाट तिला येथेच मिळते आणि एक फाटा कॅसलरॉककडे वळून, दूधसागराच्या बाजूने घाट उतरत गोव्यात जातो. जंक्शन म्हणून लोंढ्याची ख्याती आहेच. पण या वाटेचा नि दारूचा संबंध फार जुना आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. ज्या इंग्रज-पोर्तुगीज तहान्वये ही रेल्वे झाली, त्या १८७८ च्या तहातच मीठ, जकात आणि अबकारी यांचीही कलमे होती. गोव्यातली दारू स्वस्त राहून इंग्रजी हद्दीत झिरपू नये, ही साहेबाची काळजी! तो तह १८९२ मध्ये संपला. दारू झिरपायची ती झिरपतच राहिली.

पुढे १९४९ चा मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला. कोल्हापूर संस्थान त्याच वर्षी मुंबई राज्यात विलीन झाले होते आणि बेळगाव जिल्हाही तेव्हा त्याच राज्यात. म्हणजे घाटावरची ही दोन्ही गावे एकाच फटक्यात कोरडी झाली आणि घाटाखाली पोर्तुगीज अमलात भट्ट्या पेटलेल्याच राहिल्या. १९५५ साली गोव्याची रेल्वे वाहतूक थांबली, तरी रानातल्या पायवाटा कोण थांबवणार? फेणीला चोरट्या मालाची जी बदनामी चिकटली, तिचे मूळ बरेचसे या दिवसांत आहे.

ज्या फळापासून ही फेणी होते, ते मात्र आपल्याकडचे नव्हे. काजू हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ब्राझीलचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गलबतांतून इकडे आणला. नावही तिकडच्या तुपी लोकांचे. ‘अकाजू’चे पोर्तुगीजांनी ‘काजू’ केले आणि आपण ते जसेच्या तसे पचवले. ते लोक या फळाचा रस आंबवून पीत, हेही नमूद आहे. आपल्या कोकणी माणसाने त्या पाहुण्या फळाला भट्टीवर चढवले. त्याला ही विद्या नवी नव्हती. माडाच्या सुरेची फेणी काजूफेणीच्या आधीपासून होतच होती.

फेणीची कृती मोठी पाहण्यासारखी आहे. बोंडू झाडावरून तोडायचा नसतो. पिकून आपोआप खाली पडलेलाच वेचायचा. बी पिळून वेगळी काढली की बोंडू कोळंबीत जातो. (मासळीबाजारातल्या कोळंबीशी हिचे नाते नाही, ही डोंगरउतारावरच्या कातळात खोदलेली कुंडी.) तेथे तो पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून, वेलीने आवळून वर धोंडा ठेवला, म्हणजे जो निवळ रस ठिबकतो तो निरो. तो भट्टीला नाही, ताजा प्यायचा. तुडवलेला रस मातीच्या मोठ्या भांड्यात काही दिवस आपसूक आंबतो, त्यात बाहेरचे काहीच घालावे लागत नाही. पहिल्या उतारात मिळते ती हुर्राक, सौम्य आणि अल्पायुषी. काजूचा हंगाम संपला की तीही संपली. ही हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून गाळली, की फेणी. तिची तीव्रता सुमारे ४२.८ टक्के. बाटली हलवून वर येणारे बुडबुडे पाहून जुने लोक तिची पारख करीत. नावातच फेण आहे, तेव्हा आश्चर्य कसले?

एवढी निगुतीची वस्तू. पण कायद्याच्या वहीत ती ‘देशी दारू’ या एका शब्दात मोडत होती. त्या शिक्क्याने तिला गोव्याबाहेर वाट नव्हती आणि गोव्यातही प्रतिष्ठितांच्या टेबलावर जागा नव्हती. पाहुण्याला स्कॉच आणि गड्याला फेणी, असा व्यवहार. त्यात भेसळीची भर. मुलांनी भट्टीच्या धुरात डोळे जाळण्यापेक्षा नोकरी धरली, यात त्यांचे काय चुकले?

२००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि वारे फिरले. २०१६ मध्ये गोवा सरकारने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून तिला ‘वारसा पेय’ ठरवले. आता देखण्या बाटल्यांतून काजूची आणि माडाची फेणी निघते. अनंतमूळ घातलेली दुकशिरी फेणी पुन्हा लोकांच्या जिभेवर आली. मेक्सिकोने आपल्या टकिलाचे नाव १९७४ सालीच असे राखून ठेवले होते.

अमेरिकेतले एक उदाहरण येथे आठवते. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ही १८९६ ची बिअर भट्टी १९६५ मध्ये बंद पडण्याच्या बेतात असताना फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने विकत घेतली आणि तिच्या ‘स्टीम बिअर’ला नवे आयुष्य दिले. पुढे २०१७ मध्ये ती एका जपानी कंपनीकडे गेली, २०२३ मध्ये बंदच झाली आणि २०२४ मध्ये हमदी उलुकाया यांनी ती घेतली. म्हणजे एकदा वाचवलेली वस्तू दुसऱ्यांदाही मरायला टेकू शकते. फेणीच्या बाटलीवरच्या चिठ्ठीला भुललेल्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. कारण बाटली शहरात भरता येते, पण बोंडू वेचायला आणि तुडवायला माणूस डोंगरातच लागतो. ते काम करणारे हात वर्षागणिक म्हातारे होत आहेत आणि काजूच्या डोंगरांना बंगल्यांचे गिऱ्हाईक भेटते आहे.

आणि आपल्या बाजूला काय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड-आजऱ्याचा काजू नावाजलेला, सिंधुदुर्गाचा तर विचारूच नका. बोंडाचे वजन बीच्या आठ-दहा पट असते. बी कारखान्यात जाते, डब्यात बसते, मुंबईच्या दुकानात भाव खाते. बोंडू बहुतांशी झाडाखालीच कुजतो, नाहीतर गुरांपुढे पडतो. सरबत, सिरप, व्हिनेगर करणारे थोडे हौशी आहेत, पण ढिगापुढे ते किती? फेणी हे नाव आता गोव्याचे झाले, ते आपल्याला लावता येणार नाही आणि लावूही नये. पण कुजणाऱ्या फळाला दुसरे नाव शोधायला, आणि त्यासाठी कायद्याची एखादी खिडकी उघडायला, कोणाची हरकत असावी? गोव्याची तेरेखोलपलीकडची भट्टी आणि अलीकडचे कुजके बोंड यांच्यात अंतर आहे ते एका नदीचे.