खोलीला किती टनाचा ए.सी. लागतो?



उसाचे बिल हाती आले की घरात चार नव्या वस्तू येतात. हल्ली त्यांत ए.सी.ही असतो. दुकानात पहिलाच प्रश्न होतो, "किती टनाचा देऊ?" शेजाऱ्याने दोन टनाचा घेतला म्हणून आपणही तोच उचलला, असे होऊ नये.

हा टन आपल्या वजनकाट्यावरचा नव्हे. पूर्वी गारवा बर्फावर मोजत. अमेरिकी एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात खोलीबाहेर टाकण्याची ताकद म्हणजे एक टन.

ढोबळ हिशेब असा. खोलीची लांबी-रुंदी फुटांत मोजून गुणाकार करावा. उंची दहा फूट असेल तर १२० चौरस फुटांस एक टन धरावा. वर उघडा स्लॅब असल्यास शेकडा १५ वाढवावे. पश्चिमेची भिंत उन्हात असल्यास आणखी १०. यात दोन माणसे धरली आहेत. त्याहून जास्त माणसे रोज बसत असतील तर दर माणशी ०.०५ टन वाढवावा.

उदाहरणार्थ, १२ × १२ ची खोली म्हणजे १४४ चौरस फूट. १४४ भागिले १२० म्हणजे १.२ टन. वर स्लॅब व पश्चिमेचे ऊन असेल तर शेकडा २५ वाढून १.५ टन. वर मजला आणि भिंतीला सावली असेल, तर याच खोलीचे एक टनावर बहुधा भागते.

लहान यंत्र घेतले तर ते दिवसभर धापा टाकते आणि खोली काही गार होत नाही. फार मोठे घेतले तर पैसे जादा जातात. ते खोली झटकन गार करून थांबते, पण हवेतला दमटपणा तसाच राहतो. दीड टनाचे यंत्र पूर्ण जोरात तासाला साधारण दीड युनिट वीज खाते, हेही ध्यानात असू द्यावे.

म्हणून खरेदीआधी स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात द्यावा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या लावावा, दारा-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. नुसत्या पत्र्याच्या खोलीला वरील हिशेब लागू नाही. तिथे आधी खालून छत करून घ्यावे. वायरिंग व अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे.

आधी ऊन अडवा, मग टन मोजा!